मदत हवी आहे: सगळे चेता-आवेग सारखेच, मग टपली आणि फटका वेगळे कळतात कसे?

मंडळी, भाचीला जीवशास्त्र शिकवायला बसलो आणि स्वतःच अडकलो.

इथपर्यंत गाडी नीट आली: शांत चेतापेशीच्या आतलं विभव (विजेची पातळी) बाहेरच्या तुलनेत साधारण उणे ७० मिलिव्होल्ट. ते उणे ५५ च्या आसपास आलं की सोडियमची दारं उघडतात, सोडियम आत घुसतं, मग पोटॅशियम बाहेर पडतं. शेवटी पेशीच्या पटलातला पंप ३ सोडियम बाहेर आणि २ पोटॅशियम आत ढकलून सगळं जागच्या जागी आणतो. पण पुस्तक पुढे म्हणतं, आवेग, म्हणजे चेतेतून धावणारा हा विजेचा संदेश, 'पूर्ण किंवा मुळीच नाही', अर्धा आवेग नसतो. त्यावर भाची म्हणाली, "मामा, मग टपली काय आणि फटका काय, सारखंच लागायला हवं ना?" मी पाणी प्यायला उठलो.

आणखी एक. असेटिलकोलीनने (चेतेच्या टोकातून सुटणारं निरोप्या रसायन) स्नायू आकुंचन पावतो, आणि त्याच असेटिलकोलीनने हृदय मंदावतं? छपाईची चूक समजून मी पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून ठेवलंय.

प्रतिसाद १:
भाचीला शाबासकी द्या. जोर आवेगाच्या उंचीत नसतो, तो किती भरभर येतात यात असतो. समजा हलक्या स्पर्शाला एका तंतूतून सेकंदाला दहा आवेग निघाले, तर जोराच्या दाबाला त्याच तंतूतून शंभर निघतील, शिवाय शेजारचे तंतूही जागे होतील. एड्रियन या शास्त्रज्ञांनी १९२६ च्या सुमारास बेडकाच्या स्नायूतल्या ताण ओळखणाऱ्या तंतूंवर हेच मोजलं. १९३२ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता.

आणि काय जाणवलं, हे तंतू कुठून आला त्यावर ठरतं. डोळे मिटून बाहेरच्या कोपऱ्यावर अगदी हलकेच बोट टेकवा. उजेडाचा ठिपका दिसेल, तोही नाकाच्या बाजूला. दाबताय तुम्ही, पण दृष्टीच्या वाटेने जे येईल ते मेंदूला प्रकाशच वाटतं.

प्रतिसाद २:
ते प्रश्नचिन्ह पुसून टाका. रसायनात 'चल' किंवा 'थांब' असं काही लिहिलेलं नसतं, घेणारी पेशी काय करते ते तिच्या ग्राहकावर (रसायन जिथे चिकटतं त्या प्रथिनावर) ठरतं. हातापायाच्या स्नायूवरचा ग्राहक स्वतःच एक दार आहे. असेटिलकोलीन चिकटलं की ते उघडून सोडियम आत येतं. हृदयातला ग्राहक वेगळा. तो मधल्या प्रथिनामार्फत पोटॅशियमची दारं उघडतो, पोटॅशियम बाहेर जातं, पेशी आणखी ऋण होते आणि ठोके संथ पडतात. ओटो लोवी यांनी १९२१ मध्ये एका बेडकाच्या हृदयाची व्हेगस चेता (मेंदूकडून हृदयाकडे येणारी) चेतवली आणि त्याभोवतीचा द्रव दुसऱ्या हृदयाला दिला, तर तेही मंदावलं. मधे चेता नव्हतीच, होता फक्त द्रव!

जाता जाता, पंपाचं तुमचं वाक्य चुकलंय. आवेग संपवायचं काम पंपाचं नाही. सोडियमची दारं आपोआप बंद होतात आणि बाहेर पडणारं पोटॅशियम विभव खाली आणतं. एका आवेगात आत-बाहेर होणारे आयन एकूण साठ्याच्या मानाने नगण्य असतात. माकुळाच्या जाड अक्षतंतूतला (चेतापेशीच्या लांब शेपटातला) पंप विषाने बंद पाडला तरी बराच वेळ आवेग निघत राहतात. पंप सावकाश, मागून साठा भरत असतो.

धागाकर्ता:
पंपाचं मी वर्षानुवर्षं चुकीचं सांगत आलोय, अरेरे. दोघांचे आभार. भाचीने लगेच पुढचं काढलं: अंगठा ठेचला की धक्का आधी आणि ठणका मागून का? हे मात्र मला आलं. स्पर्शाचे तंतू जाड आणि मायलिनचं वेष्टण असलेले, सेकंदाला पन्नासेक मीटर पळणारे. ठणक्याचे बारीक, बिनवेष्टणाचे, सेकंदाला जेमतेम मीटरभर. म्हणजे पायापासून पाठीच्या कण्यापर्यंत सेकंदभर जातोच.

पण मायलिनमुळे वेग वाढतो हे मला नुसतं पाठ आहे. का वाढतो, ते कुणी सोपं करून सांगेल का? उद्या संध्याकाळी परत शिकवणी आहे.