विषय: बाळाच्या स्पायका कास्टला आतलं अस्तर कोणतं घ्यावं?

नमस्कार मंडळी,
लेक 10 महिन्यांची आहे, पायाळू जन्मली. डावा खुबा वाटीत नाही हे उशिरा कळलं, पाव्लिक हार्नेसचं (खुबा जागेवर धरणारे पट्टे, अगदी लहान बाळांना लावतात) वय उलटलं. आता भूल देऊन खुबा बसवतील आणि छातीपासून घोट्यापर्यंत कडक कास्ट घालतील, तेच स्पायका. साधारण तीन महिने, मध्ये एकदा बदलून. आत कापसाचं पॅडिंग की वॉटरप्रूफ लायनर, असं डॉक्टरांनी विचारलंय. कुणाला अनुभव आहे का? शी-शूच्या विचाराने झोप लागत नाही.
— छोटीची आई

---

ताई,
आमच्या मुलीला आधी कापूस होता, कास्ट बदलताना लायनर मिळालं. कापूस मऊ असतो, पण शू आत झिरपली की धुता येत नाही. वास राहतो आणि कातडी ओली राहून लाल होते. फारच बिघडलं तर कास्ट वेळेआधी बदलावं लागतं, म्हणजे बहुतेक पुन्हा भूल. लायनर असताना आम्ही डॉक्टरांना विचारून मांड्यांमधली कड पाण्याने धुवायचो. सुकायला मात्र वेळ लागतो, थंडीत जास्तच. हेअर ड्रायर फक्त गार हवेवर.
अस्तर कोणतंही असो, डायपर दोन लावा. नेहमीपेक्षा लहान मापाचा कास्टच्या कडेखाली आत सरकवायचा, त्यावर मोठा. दिवसा दर दोन तासांनी बघा, रात्री एकदा उठाच. निजवताना डोकं-छाती पायांपेक्षा उंच ठेवा, म्हणजे शू पाठीकडे जात नाही. कडांना हॉस्पिटलमधूनच मोलस्किन टेप (मऊ कापडी चिकटपट्टी) लावून घ्या. आजीला सांगा, आत पावडर नको. खाजवायला काडी, चमचा काही घालू नका.
— दोघींची आई

---

मंडळी,
मी लहान मुलांच्या ऑर्थो वॉर्डात नर्स आहे. छोटीच्या आई, आधी डॉक्टरांना विचारा की बाहेरून फायबरग्लास आहे की प्लॅस्टर. खुबा जागेवर धरायला मांडीच्या हाडामागे कास्ट नीट दाबून घडवावं लागतं. त्यासाठी काही सर्जन आतला थर प्लॅस्टरचाच घेतात, कारण तो छान वळतो. पण प्लॅस्टर पाण्याने ढिसूळ होतं, मग आत वॉटरप्रूफ लायनर घालून उपयोग काय? आणि बंद पद्धतीने खुबा बसला नाही, चीर द्यावी लागली, तर टाके नि सूज पाहून ते कापूसच पसंत करतील. त्यावर हट्ट धरू नका. खुबा वाटीत टिकणं सगळ्यात महत्त्वाचं. कातडी आपण सांभाळू.
लायनरवर राजी असतील तर बाळाच्या मापाचं आहे ना, याची आधीच खात्री करा. कास्ट भुलेतच घालतात, त्या वेळी विचारून काही होत नाही.
घरी आल्यावर बोटं निळी, गार किंवा सुजलेली दिसली, ताप आला, कुबट वास सुटला किंवा पोट तट्ट होऊन उलट्या झाल्या, तर सकाळची वाट बघू नका, लगेच फोन करा.
— वॉर्डातली मावशी

---

मावशी, दोघींची आई, मनापासून आभार. उद्याच फोन करून फायबरग्लास की प्लॅस्टर ते विचारते. कास्टमध्ये पाय फाकलेले असताना नेहमीच्या कार सीटमध्ये बसेल का?
— छोटीची आई

---

बहुतेक नाही बसणार. घरी सोडण्याआधी हॉस्पिटलमध्ये विचारा, काही ठिकाणी खास सीट उसनी देतात. आमची नावनोंदणी आधी करावी लागली होती, तेव्हा उद्याच्या फोनमध्ये हेही विचारून टाका.
— दोघींची आई