वारकरी आजोबांचा चेहरा ब्लेंडरमध्ये घडवतोय, अभिप्राय कुणाकडून आणि कधी घ्यावा?

रानवाट
नमस्कार मंडळी. तीन महिने झाले, माझ्या आजोबांचा अर्धपुतळा ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये घडवतोय. ते आळंदीहून पंढरपूरला पायी जायचे. मुंडासं, तुळशीची माळ, कपाळावर बुक्का, सगळं केलंय. मल्टिरेझच्या (पृष्ठभाग पातळीपातळीने बारीक करत नेणारी सोय) सहाव्या पातळीवर आहे, गालावरच्या सुरकुत्या आणि नाकावरची छिद्रंसुद्धा काढून झाली. समोर त्यांचे तीनच फोटो आहेत.

मित्रांच्या ग्रुपवर टाकलं तर "कडक", "भारी" आणि बदाम. आईला दाखवलं तर ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "छान आहे रे, पण हे अण्णा नाहीत." काय चुकलंय ते तिला सांगता येईना, मला दिसेना. अशा वेळी कुणाला विचारता? आणि काय विचारता?

खडूफळा
आईच्या वाक्याइतका मोलाचा अभिप्राय तुम्हाला दुसरा मिळणार नाही. तो सोडू नका, फक्त तो कशाबद्दल आहे ते शोधायचंय.

मी गेमसाठी पात्रं घडवतो. आमच्याकडे पहिलं परीक्षण अगदी कच्च्या गोळ्यावर होतं, कारण तेव्हा कवटी बदलायला कुणाचाच जीव तुटत नाही. तुम्ही सहाव्या पातळीवर विचारताय, म्हणून बघणाऱ्याला सुरकुत्यांचं कौतुक वाटतं आणि तो तिथेच थांबतो. दुसऱ्या पातळीवर उतरा. तिथे आजोबा दिसत नसतील तर वरच्या चार पातळ्यांवरही दिसणार नाहीत.

दाखवताना रंग काढा, साधा राखाडी ठेवा. मॅटकॅपवर (उजेड-सावली आधीच रंगवलेलं तयार आवरण) तर दाखवूच नका. त्यात मॉडेल फिरवलं तरी उजेड कॅमेऱ्याबरोबर चिकटून राहतो आणि खोलगट जागा फसवतात. एकच दिवा, एका बाजूने. आणि फोटोशी ताडताना कॅमेऱ्याची फोकल लेंथ (भिंग दृश्य किती जवळ आणतं त्याचं माप) जुळवा. जवळून काढलेल्या फोटोत नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. ते तसंच्या तसं घडवलं तर लांबून बघितल्यावर माणूस परका वाटतो.

शाडूचा_गणपती
आमचं घर पेणचं, मूर्तीच्या कारखान्यात वाढलोय. आमच्याकडे डोळ्यांची आखणी करणारा हात वेगळा असतो आणि त्याला कुणी सोंडेबद्दल विचारत नाही. तसंच करा. आईला फक्त सारखेपणा विचारा, हाडं-स्नायू ओळखणाऱ्याला फक्त कवटी. सगळ्यांना "कसं वाटलं?" विचारलं की सगळे "छान" म्हणतात.

मॉडेल आडवं उलटं करून बघा, म्हणजे आरशात दिसतं तसं. इतके दिवस नजरेला सवय झालेली चूक त्यात अंगावर येते. आणि सिमेट्री (एका बाजूचं काम दुसऱ्या बाजूला आपोआप उमटवणारी सोय) अजून चालू असेल तर आजच बंद करा, ऐंशीच्या माणसाचे दोन्ही गाल सारखे नसतात.

निवळी
वरचं सगळं पटलं. माझा एकच प्रश्न. आजोबांना दात होते का?

विचारतेय कारण सुरकुत्या घातल्या की म्हातारपण आलं असं वाटतं, पण ते हाडातून येतं. दात गेले की जबड्याचं हाड झिजतं, नाक आणि हनुवटी जवळ येतात, ओठ आत वळतात, हनुवटी पुढे येते. कानशिलं खोल जातात. तरुण कवटीवर म्हातारी कातडी चढवली की चेहरा मुखवट्यासारखा दिसतो. अलिबागजवळ सासवण्याला शिल्पकार करमरकरांच्या राहत्या घरात त्यांचं शिल्पालय आहे. जमलं तर जाऊन या आणि एकेका चेहऱ्याच्या बाजूला उभं राहून नुसता जबडा बघा.

रानवाट
निवळीताई, तुमचा प्रश्न वाचून लगेच आईला फोन केला. अण्णांचे दात साठीतच गेले होते. कवळी केली होती, पण ती त्यांना टोचायची म्हणून लावायचेच नाहीत. माझ्याकडचा समोरून काढलेला फोटो दात असतानाचा आहे आणि बाजूचे दोन्ही त्यानंतर बऱ्याच वर्षांनी काढलेले. मी एकाच चेहऱ्यात दोन वयं मिसळली होती, आणि आईने ज्यांना शेवटपर्यंत भाकरी दुधात कुस्करून दिली ते अण्णा त्यात कुठेच नव्हते.

आता फाइलची प्रत करून दुसऱ्या पातळीवर उतरलो आहे. समोरचा फोटो बाजूला ठेवलाय. खालून आकार हलवला की वरच्या सुरकुत्या बऱ्याचशा सोबत येताहेत, तोंडाभोवतीच्या मात्र नव्याने घालाव्या लागतील.

खडूफळा
तोंडाभोवतीच्या आत्ता घालू नका. आधी आईला राखाडी दाखवा.

रानवाट
हो. रविवारी घरी जातोय, तिच्यासमोर बसूनच जबडा हलवणार आहे. रात्री इथे सगळ्या बाजूंनी फिरवलेला छोटा व्हिडिओ टाकतो. नाकाच्या खालपासून हनुवटीपर्यंत तेवढंच बघा आणि तेवढ्याबद्दलच सांगा.