एक्स-गॅलचा स्टॉक पिवळसर-गुलाबी पडला, कंट्रोल प्लेटवरही निळं काही नाही

क्लोनिंगवाला
कॉलनीच्या निळ्या-पांढऱ्या रंगावरून क्लोन ओळखायचे आहेत. त्यासाठी एक्स-गॅल (निळा रंग देणारं रसायन) डीएमएफ या द्रावकात 20 मि.ग्रॅ./मि.ली. केलं. पॉलिस्टायरीनच्या ट्यूबमध्ये ठेवलं, तर ट्यूब धुरकट झाली आणि द्रावण पिवळसर-गुलाबी पडलं. न कापलेला पीयूसी19 प्लाझ्मिड टाकलेल्या कंट्रोल प्लेटवर कॉलनी निळ्या यायला हव्यात, पण तिथेही सगळ्या पांढऱ्या आहेत. होस्ट डीएच5-अल्फा (ई. कोलाय जिवाणूचा वाण), अँपिसिलिन 100 मायक्रोग्रॅम/मि.ली., आयपीटीजी (लॅक जनुकं चालू करणारं रसायन) घातलंय. स्टॉक फेकून द्यायचा का? नवा केला तर फिल्टर करायचा का?

पिपेटधारी
फेकाच. डीएमएफ पॉलिस्टायरीन विरघळवतं, म्हणजे तुमच्या स्टॉकमध्ये ट्यूबही उतरली आहे. काच किंवा पॉलिप्रॉपिलीन वापरा. एक्स-गॅलची पावडर पांढरी ते किंचित मळकट असते. द्रावणाला रंग चढला की विघटन सुरू झालंय असं धरून चाला. डीएमएफची बाटली उघडल्यावर कुजक्या माशासारखा वास आला तर तीही बाद, कारण तो डायमिथाइलअमाइनचा वास.

नवा स्टॉक: 100 मि.ग्रॅ. पावडर, 5 मि.ली. कोरडं डीएमएफ, लहान-लहान भागांत वाटून फॉइलमध्ये गुंडाळायचं आणि उणे 20 अंशांवर. डीएमएफ तिथे गोठत नाही, त्यामुळे काढलं की लगेच वापरता येतं. डीएमएसओ चालतं, पण ते 18 अंशांच्या आसपासच गोठतं, दरवेळी वितळवत बसा. फिल्टरची गरज नाही. सेल्युलोज अ‍ॅसिटेटचा पडदा तर डीएमएफमध्ये विरघळेल. ऑटोक्लेव्ह अजिबात नको.

हूडखाली
हाताळणीबद्दल. जपायचं ते एक्स-गॅलपेक्षा डीएमएफला. ते त्वचेतून आत जातं, यकृताला घातक आहे आणि गर्भालाही, म्हणून गर्भवतीनं ते हाताळूच नये. नेहमीचे पातळ नायट्राइल ग्लोव्हज डीएमएफसमोर फार टिकत नाहीत. थेंब पडला की लगेच बदला. जास्त काम असेल तर ब्यूटाइल रबरचे घाला. पावडर तोलणं आणि विरघळवणं फ्यूम हूडमध्ये. उरलेलं सिंकमध्ये नाही, सॉल्व्हंटच्या कचऱ्यात.

पिपेटधारी
आता कंट्रोल. निळा रंग येतो तो असा: बीटा-गॅलॅक्टोसिडेज एक्स-गॅलमधून गॅलॅक्टोज तोडतं, उरलेल्या इंडॉक्सिलचे दोन रेणू हवेतल्या ऑक्सिजननं जुळतात आणि न विरघळणारा निळा इंडिगो तयार होतो. तो पसरत नाही, म्हणून एकेक कॉलनी वेगळी ओळखू येते. होस्टमध्ये लॅकझेड-डेल्टा-एम15 (बीटा-गॅलॅक्टोसिडेजचं अपुरं जनुक, ज्याची उणीव प्लाझ्मिडवरचा तुकडा भरून काढतो) हवं, ते डीएच5-अल्फात आहे. मग उरलं माध्यम. आगारमध्ये ग्लुकोज घातलंय का?

क्लोनिंगवाला
हो, 1 टक्का. वाढ चांगली व्हावी म्हणून.

पिपेटधारी
मग घोळ दोन ठिकाणी आहे, स्टॉकमध्ये आणि माध्यमात. ग्लुकोज असलं की पेशीतलं सीएएमपी (लॅक प्रमोटरला जोर देणारा संदेशरेणू) घटतं, लॅक प्रमोटर मंदावतो आणि आयपीटीजी असूनही कॉलनी फिकी किंवा पांढरीच दिसते. शिवाय आम्ल साचून पीएच उतरतो, तोही एन्झाइमला मानवत नाही. साधं, ग्लुकोज नसलेलं एलबी माध्यम वापरा.

500 मि.ली. आगार 50-55 अंशांपर्यंत निवलं की 1 मि.ली. एक्स-गॅल (40 मायक्रोग्रॅम/मि.ली.) आणि 100 मिलिमोलरचं 1 मि.ली. आयपीटीजी (0.2 मिलिमोलर) घाला. ओतलेल्या प्लेटवर पसरायचं असेल तर 40 मायक्रोलिटर एक्स-गॅल पुरे, पण ते पूर्ण जिरल्यावरच पेशी टाका. नाहीतर जिथे डीएमएफ साचलंय तिथे वाढ होत नाही.

स्टॉकची खात्री करायला तसंच एक्स-गॅल आणि आयपीटीजी असलेल्या, पण अँपिसिलिन नसलेल्या वेगळ्या प्लेटवर बीएल21ची (ई. कोलायचा दुसरा वाण) एक रेघ ओढा. बीएल21चं लॅकझेड शाबूत असतं. रेघ निळी झाली तर एक्स-गॅल ठीक.

हूडखाली
एक भर: 37 अंशांवर रात्रभर ठेवल्यावर लगेच निवड करू नका. प्लेट दोन-तीन तास 4 अंशांवर ठेवली की निळा गडद होतो आणि फिकट निळ्याला पांढरा समजण्याची चूक टळते. मोठ्या कॉलनीभोवती टाचणीच्या टोकाएवढ्या पांढऱ्या दिसल्या तर त्या सॅटेलाइट (मोठ्या कॉलनीनं आसपासचं अँपिसिलिन संपवल्यामुळे उगवलेल्या, प्लाझ्मिड नसलेल्या), उचलू नका. आणि इन्सर्ट (प्लाझ्मिडमध्ये घातलेला डीएनएचा तुकडा) छोटा असून वाचनचौकट न मोडता बसला असेल तर खरा क्लोनही फिकट निळा येतो, म्हणून तशा एक-दोन कॉलनींचाही पीसीआर लावा.