मदत हवी आहे : मुलगा उत्तर वहीत नाही, माझ्या चेहऱ्यावर शोधतो

नमस्कार. कोरोनामुळे शाळा बंद झाल्यापासून थोरल्याचा (वय ८, तिसरी) अभ्यास माझ्याकडे आलाय. धाकटी ४ वर्षांची. फोन एकच, त्यावरच त्याचा वर्ग आणि तिचे बालवाडीचे व्हिडिओ. पण फोन, नेटवर्क यावर इथे भरपूर लिहून झालंय. माझी अडचण वेगळी आहे.

गणित सोडवताना तो वहीकडे कमी आणि माझ्याकडे जास्त बघतो. ५२ मधून २७ वजा करायचे असतात. "३५?" म्हणतो आणि थांबतो. माझी भुवई जरा वर गेली की लगेच, "नाही नाही, ४५!" तरी मी गप्पच राहिले की "२५?" आणि माझा चेहरा सैल पडला की २५ लिहून मोकळा. म्हणजे वजाबाकी झाली कुठे? बाजूला बसले नाही तर वहीत रणगाडे आणि रॉकेटं निघतात, वजाबाकी जागच्या जागी.

वाचतानाही हेच. पहिलं अक्षर दिसलं की पुढचा शब्द अंदाजाने ठोकून देतो आणि वर बघतो.

त्यात संध्याकाळी गृहपाठाचा फोटो वर्गाच्या ग्रुपवर टाकायचा. बाकीच्या वह्यांत एक खाडाखोड नसते. सगळ्या वर्गाला एकदम हातच्याची वजाबाकी आली, हे काही मला पटत नाही. पण आपल्याच पोराची चुकलेली वही सगळ्यांपुढे टाकायची, तर हात अडखळतो.

युनेस्कोच्या आकड्यांप्रमाणे एप्रिल २०२० मध्ये जगात १५० कोटींच्या आसपास विद्यार्थी घरी होते. तेव्हा हे कोणीतरी सोडवलं असणारच. शेजारी बसायचं तर कसं बसायचं? आणि गृहपाठ दुरुस्त करून पाठवायचा की चुकांसकट? शिकवण्याचा अनुभव असणाऱ्यांनी जरूर लिहावं.

उंडगा : एवढं काय त्यात? ऑनलाइन शाळा हे थोतांड आहे. वर्षभर खेळू द्या, काही बिघडत नाही.

खडूफळा : मी प्राथमिकला शिकवते. चुकांसकट पाठवा, आणि ग्रुपवर नको, बाईंना वेगळा पाठवा. बहुतेक बाई नाही म्हणणार नाहीत.

कारण सांगते. त्याचं ३५ हे उत्तर उगाच आलेलं नाही. एककात २ मधून ७ जात नाहीत, म्हणून त्याने ७ मधून २ काढले, राहिले ५. दशकात ५ मधून २ गेले, ३. मोठ्यातून लहान वजा करायचं एवढंच त्याने पक्कं धरलंय. ही चूक वर्गात दर वर्षी दिसते. वहीत ३५ दिसलं की मला कळतं कुठे हात घालायचा. तुम्ही २५ करून पाठवलं तर मी पुढचा धडा घेणार.

घरी काडेपेटीच्या काड्या घ्या, गुल काढून. दहा-दहाच्या जुड्या बांधा. ५२ म्हणजे ५ जुड्या आणि २ सुट्या. त्यातून २७ द्यायला सांगा आणि हात मागे बांधून बसा. सुट्या ७ निघत नाहीत म्हटल्यावर तो स्वतःच एक जुडी सोडेल. नाही सोडली तर "सुट्या कुठून मिळतील?" एवढंच विचारा. काड्यांवर जमेपर्यंत मांडणीचं गणित लांब ठेवा.

तिरकी रेघ : चेहऱ्याचा प्रश्न बसण्याच्या जागेने बराच सुटतो. समोर बसू नका, शेजारी किंचित मागे बसा आणि हातात स्वतःचं काम ठेवा. उत्तर बरोबर असो वा चूक, प्रश्न एकच, "कसं काढलंस?" फक्त चुकल्यावर विचारलंत तर तो प्रश्नच भुवई होऊन बसेल.

दुसरं, वाट बघा. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७० च्या दशकात वर्गांच्या ध्वनिफिती तपासल्या. शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबत होते. तीन सेकंद थांबायला लागल्यावर मुलांची उत्तरं लांबली आणि "माहीत नाही" कमी झालं. तीन सेकंद म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण स्वतःच्या मुलासमोर थांबून बघा!

धागाकर्ती : उंडगा, खेळतो हो तो, दिवसभर खेळतो. पण शाळा उघडल्यावर तिसरीची वजाबाकी येते असं धरूनच चौथीचं पुस्तक पुढे येणार, त्याचं काय?

खडूफळा, ३५ कुठून येतं हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, मला तो धांदरटपणा वाटत होता. बाईंना विचारते. वाचनाचं काय करू? आणि धाकटीला व्हिडिओ दाखवणं गरजेचं आहे का? तो शिकायला बसला की तिलाही फोन हवा असतो.

खडूफळा : धाकटीला फोन नाही दिला तरी चालेल. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्येच सांगितलंय की या वयात बसून स्क्रीन बघणं दिवसाला १ तासाच्या वर नको, कमी असेल तितकं चांगलं. तिला त्या काड्याच मोजायला द्या, किंवा रंगांप्रमाणे बटणं लावायला. तुम्ही जवळ असाल तेव्हाच मात्र.

थोरल्याला पाठ झालेले धडे वाचायला देऊ नका, ते तो न बघताही म्हणेल. नवा, चार-पाच ओळींचा उतारा द्या. "प्रवास"ला "प्रकाश" म्हणाला तर लगेच टोकू नका, वाक्य संपू द्या. मग त्याचंच वाक्य त्याला ऐकवा, "आम्ही रेल्वेने प्रकाश केला", आणि विचारा, असं कोणी म्हणतं का? तरी अडला तर बोटाने शब्द झाका आणि एकेक अक्षर उघडत जा. रोज दहा मिनिटं पुरेत. कंटाळला की वाक्य अर्धवट असलं तरी पुस्तक मिटा.