वाचनालयाची खोली गेली, मुलांचं वाचन कसं टिकवू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवी ते सातवीला मराठी शिकवते. पावसात तिसरीच्या वर्गाचं छत गळायला लागलं, म्हणून तो वर्ग वाचनालयाच्या खोलीत हलवला. निर्णय योग्यच आहे, पण पुस्तकांची कपाटं आता कार्यालयात, फायलींच्या गठ्ठ्यांमागे गेली आहेत.

सगळ्यात जीव तुटतो तो नुकत्याच वाचू लागलेल्या मुलांसाठी. सहावीतला एक मुलगा अजून ओळीखाली बोट ठेवून वाचतो. तो पूर्वी कपाटासमोर रेंगाळायचा, चित्रं चाळायचा, मग एखादं पुस्तक उचलायचा. कार्यालयात जाऊन पुस्तक मागणं त्याच्याकडून होणार नाही. ते रेंगाळणं त्याला परत कसं मिळवून देऊ?

सध्या वर्गात दोरी बांधून पातळ पुस्तकं लटकवली आहेत. खिडकीजवळची ओलीने फुगली, पानं एकमेकांना चिकटली. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ उपक्रमात पुस्तकांच्या पेट्या वाचकांपर्यंत जातात, तशा छोट्या पेट्या वर्गावर्गांत फिरवाव्यात, असं मनात आहे.

ज्यांनी अशा पेट्या चालवल्यात त्यांनी कृपया सांगा: पत्र्याची पेटी बरी की प्लास्टिकची? दमट हवेत बुरशी आणि कसर कशी रोखता? देवघेवीची वही मुलांच्याच हाती दिली तर निभतं का? बालभारतीच्या ‘किशोर’चे जुने अंक ऑनलाइन मिळतात, पण आमच्याकडे टॅब एकच, तो गटात कसा वापरता?

१५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाआधी घडी बसवायची आहे.