अमेरिकेचा स्पाउस व्हिसा : मिस्टरांचं मागच्या वर्षीचं उत्पन्न कमी पडतंय, बाबांचा सातबारा लावता येतो का?

नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातून लिहितेय. गावाचं नाव देत नाही, इथे सगळे सगळ्यांना ओळखतात. सध्या सोयाबीन काढून झालंय, घरात माणसांचा राबता आहे आणि लाईनचा भरवसा नाही, म्हणून उत्तर द्यायला उशीर झाला तर रागावू नका.

लग्न फेब्रुवारी २०२४ मध्ये गावातच झालं, नोंदणीचा दाखला ग्रामसेवकांकडचा आहे. मिस्टर मूळचे अमरावतीचे, शाळेत असताना आईवडिलांसोबत गेले, आता तिथले सिटिझन आहेत आणि न्यू जर्सीत राहतात. आय-१३० (मिस्टरांनी माझ्यासाठी केलेला अर्ज) मंजूर झाला. एनव्हीसीची (व्हिसाचे कागद तपासणारं अमेरिकेचं केंद्र) ३२५ आणि १२० डॉलरची फी भरली, डीएस-२६० हा व्हिसाचा अर्ज भरला. आता गाडी अडलीये आय-८६४ वर, म्हणजे ॲफिडेव्हिट ऑफ सपोर्ट, मिस्टरांनी माझ्या खर्चाची द्यायची हमी.

२०२४ मध्ये मिस्टर ॲपवरची टॅक्सी चालवायचे. वर्षाची जमा ४३,६०० डॉलर. पण टॅक्स भरताना गाडीच्या मैलांची वजावट घेतली (मैलाला ६७ सेंट, आणि गाडी चालली जवळपास ३८ हजार मैल), त्यामुळे रिटर्नवर एकूण उत्पन्न उरलं १८,२४०. टॅक्स वाचला म्हणून तेव्हा आम्ही खूश होतो! जुलै २०२५ पासून ते एका गोदामात पगारी नोकरीला आहेत, तासाला साडेएकोणीस डॉलर, आठवड्याला ४० तास.

मागच्या आठवड्यात एनव्हीसीचा मेसेज आला की कुटुंबसंख्या ३ धरता उत्पन्न पुरेसं दिसत नाही, जॉइंट स्पॉन्सर (सोबत हमी घेणारा दुसरा माणूस) जोडण्याचा विचार करा. आम्ही दोघंच आहोत, हे तिसरं माणूस कुठून आलं तेही कळलं नाही.

हे बाबांच्या कानावर गेलं. बाबा म्हणाले, "आपलं पाच एकर वावर हाये नं. सातबारा जोड म्हना त्यायले. आपन काय कोनाचं मांगून खातो?" दुसऱ्या दिवशी तहसीलला जाऊन पाचशेचा स्टॅम्प आणला. अर्जनविसानं त्यावर टाइप करून दिलंय : 'मी प्रतिज्ञेवर लिहून देतो की, माझी मुलगी अमेरिकेत कोणावरही भार होणार नाही.' खाली बाबांची सही, नोटरीचा गोल शिक्का. सातबारा, आठ-अ आणि हा स्टॅम्प अशी पिशवी देवाच्या फळीवर ठेवली आहे. नको म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

जिल्ह्याच्या गावी परदेशी शिक्षणाच्या फायली करणारा एक एजंट आहे, त्याच्याकडेही जाऊन आलो. तो म्हणतो जमिनीचं व्हॅल्युएशन, सीएचं नेटवर्थ सर्टिफिकेट आणि फॉर्म मिळून ३५ हजार. त्यानं दाखवलेल्या फॉर्मवर आय-१३४ लिहिलेलं होतं. आमचा तर ८६४ आहे.

विचारायचं एवढंच : बाबांची जमीन चालते का? जॉइंट स्पॉन्सर घ्यावाच लागेल का? मिस्टरांचे मामा तिथेच आहेत, ग्रीन कार्डवर, घरात चौघं. त्यांना विचारायचं आमच्या जिवावर आलंय.

वावरवाला : ताई, आमचा भाचा एमएसला गेला तेव्हा सातबारा, सोसायटीचा नील दाखला, सीएचं सर्टिफिकेट सगळं लागलं होतं. पाच एकर कमी नाही. बागायती आहे का कोरडवाहू? बागायती असेल तर व्हॅल्युएशन चांगलं येते.

न्यूजर्सीकर : वावरवाला भाऊ, तुमचं बरोबर आहे, पण तो विद्यार्थी व्हिसा. तिथे बाप खर्च करणार असतो म्हणून बापाचे कागद. बायकोच्या इमिग्रंट व्हिसात स्पॉन्सर नवराच असतो आणि हिशोब अमेरिकेतल्या कमाईचा होतो. आपल्याकडे बहुतेकांनी विद्यार्थ्यांच्याच फायली पाहिलेल्या असतात, त्यामुळे एजंटही तीच माळ जपतात. ताई, आय-१३४ हा तुमचा फॉर्मच नाही. पस्तीस हजार खिशात ठेवा.

आता ते तिसरं माणूस. फॉर्मचा भाग ५ उघडा. व्हिसा मागणाऱ्या व्यक्तीसाठी एक आकडा आधीच धरलेला असतो, ती व्यक्ती म्हणजे तुम्ही. खाली 'विवाहित असल्यास जोडीदारासाठी १ लिहा' अशी ओळ आहे, आणि जोडीदार वर मोजला गेला असेल तर पुन्हा लिहू नका असंही तिथेच म्हटलंय. मिस्टरांनी तिथे १ टाकला असणार. तिसरं माणूसही तुम्हीच! मीही हेच केलं होतं.

२०२५ च्या तक्त्यात दोघांसाठी दारिद्र्यरेषा २१,१५० डॉलर आहे, उत्पन्न निदान तिच्या १२५ टक्के लागतं, म्हणजे २६,४३७. तिघांसाठी ३३,३१२. तासाला १९.५० म्हणजे वर्षाला ४०,५६०. दोन्हींच्या वर आहात. मुख्य गोष्ट अशी की अटीसाठी चालू वार्षिक उत्पन्न बघतात, जुनं रिटर्न हा त्याचा आधार. चालू उत्पन्नाच्या रकान्यात ४०,५६० आहे का ते बघा. पुष्कळ जण घाबरून तिथेही रिटर्नचाच आकडा लिहितात.

जोडायचं काय : कंपनीचं पत्र (रुजू झाल्याची तारीख, हुद्दा, पगार, नोकरी कायमची की कंत्राटी), जुलैपासूनच्या सगळ्या पगारपावत्या, आयआरएस म्हणजे तिथल्या टॅक्स खात्याच्या साइटवरून २०२४ चं टॅक्स ट्रान्सक्रिप्ट (रिटर्नचा गोषवारा, फुकट मिळतो), आणि टॅक्सी सोडून नोकरी का धरली याचं अर्ध्या पानाचं साधं पत्र. ट्रान्सक्रिप्टऐवजी रिटर्नची प्रत देणार असाल तर शेड्यूल सी (धंद्याचा हिशोब) आणि १०९९ (टॅक्सीच्या ॲपकडून मिळालेला कमाईचा कागद) सकट द्या. आणखी एक तपासा, २०२४ चं रिटर्न 'सिंगल' म्हणून तर भरलं नाही ना? लग्न त्याच वर्षी झालंय. तसं असेल तर १०४०-एक्स भरून आधी दुरुस्त करा, मुलाखतीत ते बरोबर डोळ्यावर येतं.

ॲफिडेव्हिट हे नाव ऐकून स्टॅम्प आणला हे समजू शकतो, पण आय-८६४ ला स्टॅम्प नको, नोटरी नको. मिस्टरांची सही पुरे. सहीविना तो निव्वळ कागद, एवढं लक्षात ठेवा.

दारव्ह्याची लेक (धागाकर्ती) : आत्ता पीडीएफ उघडून पाहिलं. भाग ५ मध्ये खरंच दोन्हीकडे १ आहे. आणि चालू उत्पन्नात १८,२४०. मिस्टरांना मेसेज टाकलाय, तिकडे रात्र आहे. मग जमिनीचा विषय संपला का? बाबा रोज विचारतात.

आर्वीची सून : मी २०२२ मध्ये याच रस्त्यानं आले, म्हणून लिहिते. मालमत्ता चालते, नाही असं नाही. पण ती मिस्टरांची, त्यांच्या घरात राहून आय-८६४ए (घरातल्यानं हमीत साथ द्यायचा फॉर्म) वर सही करणाऱ्या नातेवाइकाची, नाहीतर तुझ्या स्वतःच्या नावावरची हवी. सातबारा बाबांच्या नावावर, म्हणजे तिथेच संपलं. शिवाय वर्षभरात विकून पैसा करता आला पाहिजे. भोगवटादार वर्ग-२ ची जमीन असेल तर विकायला कलेक्टरची परवानगी लागते. अशी जमीन तिथला अधिकारी कशाला धरेल? सिटिझनच्या बायकोसाठी कमी पडणाऱ्या रकमेच्या तिप्पट मालमत्ता दाखवावी लागते. १८,२४० च धरलं तर तूट ८,१९७, तिची तिप्पट २४,५९१ डॉलर, आपले एकवीस लाखांच्या वर. तुझ्या नावावर एफडी आहे का एवढी? नसेल तर सोड. गरजही नाही.

मामांचं मात्र हलकं घेऊ नको. ग्रीन कार्डवाला जॉइंट स्पॉन्सर चालतो, नात्यातलाच हवा असंही नाही. पण त्यांचे चार आणि तू मिळून पाच, म्हणजे त्यांना एकट्याला ४७,०६२ दाखवावे लागतील. आणि ती सही म्हणजे लग्नात साक्षीदार म्हणून केलेली सही नव्हे. तू सिटिझन होईपर्यंत किंवा तुझ्या कामाच्या ४० तिमाह्या, म्हणजे साधारण दहा वर्षं, भरेपर्यंत ते बांधलेले राहतात. तू कायमची परत आलीस तर सुटतात. घटस्फोट झाला तरी सुटत नाहीत! माझ्या चुलतसासऱ्यांनी हे वाचलं आणि चहाचा कप तसाच ठेवून उठले. नंतर केली सही, पण बरं वाटलं नाही. तेव्हा आधी दुरुस्त फॉर्म चढव. मामांना फक्त एवढंच सांग की मुंबईच्या मुलाखतीत मागितलं तर कागद लागतील.

जाता जाता, फेब्रुवारीत तुमच्या लग्नाला दोन वर्षं होतील. त्यानंतर अमेरिकेत उतरलीस तर दहा वर्षांचं कार्ड, आधी उतरलीस तर दोन वर्षांचं आणि वर ते कायम करायच्या आय-७५१ अर्जाची कटकट. थोडा उशीर झाला तरी रडू नको.

दारव्ह्याची लेक : सगळ्यांचे आभार. मिस्टरांनी फॉर्म दुरुस्त करून सही केली, कंपनीचं पत्र सोमवारी मिळेल. रिटर्न 'मॅरीड फाइलिंग सेपरेटली' (विवाहित, पण रिटर्न वेगळं) असंच भरलेलं आहे. मामांना फोन केला, ते म्हणाले लागलं तर सांगा. पुढचं काही विचारलं नाही.

बाबांना कालच सांगितलं की सातबारा लागत नाही. थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "मंग माह्याकडून काहीच नाही लागत?"

आता दुसरा घोळ. माझा जन्म १९९७ चा, आजोळी, घरीच बाळंतपण. नोंदच नाही. शाळा सोडल्याचा दाखला आहे.

आर्वीची सून : मग बाबांना कामाला लाव. आजोळच्या ग्रामपंचायतीतून जन्माची नोंद आढळत नाही असा अनुपलब्धता दाखला, शाळेचा दाखला, आणि आई-बाबांचं जन्मतारीख, ठिकाण, दोघांची नावं लिहिलेलं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र. मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर लागेल. शाळेतल्या इंग्रजीच्या सरांनी केलं तरी चालतं, फक्त 'भाषांतर अचूक आहे आणि मला दोन्ही भाषा येतात' असं लिहून खाली त्यांची सही हवी.

दारव्ह्याची लेक : वाचून दाखवलं. बाबा पिशवी घेऊन निघालेच होते, दारातून परत फिरले आणि तुम्हाला विचारायला सांगितलं : हेही पाचशेच्याच स्टॅम्पवर का?