शनी-मंगळ दृष्टी आणि अपघात: आधी पाया मोजा

भाऊ, 'अपघात झालेल्यांपैकी चाळीस टक्क्यांच्या पत्रिकांत शनी-मंगळ संबंध निघाला' हा तुमचा मुद्दा. पण ग्रहांचा अपघाताशी काही संबंध नसतानाही अशा पत्रिका किती निघतील? ज्योतिषात ग्रह स्वतःच्या राशीपासून मोजून ठराविक राशींवर 'दृष्टी' टाकतो: मंगळाची दृष्टी 4, 7, 8 व्या राशीवर, शनीची 3, 7, 10 व्या राशीवर. मंगळापासून शनी 4, 7, 8 किंवा 11 व्या राशीत असला की दृष्टी झालीच. युती, म्हणजे दोघं एकाच राशीत, तीही धरली तर 12 पैकी 5, म्हणजे जवळपास 42 टक्के. तुमचा आकडा तर त्याहून कमीच!

तेही ढोबळच. मंगळ एरवी राशीत दीडेक महिना असतो, वक्री झाला, म्हणजे उलटा चालताना दिसू लागला, की कित्येक महिने तिथंच मुक्काम. म्हणून अपघात न झालेल्यांच्याही पत्रिका घ्या, त्याच गावातल्या, त्याच सालच्या. मग 'अपघात' हा शिक्का त्या-त्या सालच्या पत्रिकांमध्येच चिठ्ठ्या टाकल्यासारखा हजारदा फिरवून पाहा, दर वेळी टक्का काढा. खरा आकडा त्या हजारांत सहज मिसळत असेल तर विषय संपला.

तारखा शाळेच्या दाखल्यावरून घेऊ नका. आपल्याकडं खेड्यात गुरुजींनी टाकलेल्या 1 जून, 1 जुलैची रांगच लागते. ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत 21 दिवसांच्या आत झालेली नोंद त्यातल्या त्यात बरी. वेळ मात्र 'गाई घरी आल्या तेव्हा' अशीच मिळणार. लग्न, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणारा राशीचा बिंदू, दर 4 मिनिटांना साधारण एक अंश सरकतं, त्यामुळं भावांवरच्या (लग्नापासून मोजलेल्या पत्रिकेतल्या घरांवरच्या) दृष्टी सोडा. शनी-मंगळाला वेळ फारशी लागत नाही, राशी बदलाच्या दिवशी जन्मलेले तेवढे वगळा.